चौथीच्या वर्गातली गावकी

कापड्याच्या शाळेत दसऱ्याला पाटीपूजन व्हायचं तेव्हा पाट्यांच्या मधोमध छडी ठेवत. निगडीच्या झाडाची, सोललेली, हाताच्या घामाने पिवळी पडलेली. मुलांनी पाट्यांवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढलेली असायची आणि तेवढ्या सरस्वतींच्या घोळक्यात ही आपली ऐसपैस आडवी. हेडगुरुजी पाट्यांना हळदकुंकू वाहायचे, मग छडीला, आणि छडीला जरा सढळ हाताने. शेतकरी नांगराची पूजा करतो, तसं हे आपलं हत्यार, असं ते मुलांना समजावून सांगत. मी जूनमध्येच त्या शाळेत रुजू झाले होते. माझी पाळी आली तेव्हा मी फूल पाटीवर ठेवलं आणि मागे सरले.

"बाई, छडीला वाहायचं राहिलं," हेडगुरुजी म्हणाले.

"राहिलं नाही. मी वाहिलंच नाही," मी म्हणाले.

हेडगुरुजींनी खोबरं-साखर वाटायला घेतली, पण त्यांच्या मानेवरची शीर उडताना मला दिसली. माझे वडील महाडच्या कोर्टात कारकून होते. ते नेहमी म्हणत, या मुलीला नाही म्हणायला फार आवडतं. खोटं नव्हतं ते. ट्रेनिंग झाल्यावर महाडातच शाळा मिळत असताना मी पोलादपूरच्या पलीकडचं गाव मागून घेतलं, तेही त्यांनी नको म्हटलं म्हणूनच.

हेडगुरुजी दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर माझं काम सोपं झालं असतं. मुलांना ताप आला तर ते स्वतः काढा करून पाजायचे, परीक्षेच्या आधी सुटीच्या दिवशीही वर्ग घ्यायचे. पण मार हा शिकवण्याचाच एक भाग आहे, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आणि गावाच्या मनात तर नव्हतीच. पोराला पहिल्यांदा शाळेत घालायला बाप यायचा तो एका हातात नारळ आणि काखेत निगडीचा ताजा फोक घेऊन. दोन्ही गुरुजींच्या पुढे ठेवायचा आणि म्हणायचा, "मारा, पन शिकवा." नारळ फुटायचा, फोक शाळेच्या आढ्याला खोचला जायचा. मान वर केली की आढ्याला गावातली सगळी पोरं खोचलेली दिसायची.

माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. त्यात एक मुलगी होती, हुशार, गणितात माझ्यापेक्षा चटपटीत. तिला रोज उशीर व्हायचा. उशिरा येणाऱ्याने दारात थांबायचं आणि हात पुढे करायचा, हा हेडगुरुजींचा नियम, आणि दारावर ते स्वतः उभे असत. ही मुलगी वळणावरून पळत यायची, दारात थांबायची आणि दम घ्यायच्या आधी हात पुढे धरायची. रडायची नाही. छडी खाल्ली की हात परकराला पुसायची आणि आत येऊन दप्तर उघडायची. मूल इतकं सरावलेलं असणं हेच मला सहन होत नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हेडगुरुजींनी मला बोलावलं.

"तुम्हाला छडी नको. ठीक. चौथीच्या दारावर उद्यापासून मी उभा राहणार नाही. पण वर्ग हाताबाहेर गेला तर तपासणीच्या दिपोटीसाहेबांना सांगावं लागेल. ते तुम्हाला उचलून तिकडे डोंगरावर कुडपणला टाकतील, मग म्हणू नका."

"कुडपणला काय दगड शिकतात?" मी म्हणाले. "तिथेही मुलंच असतील."

तोंड वर करून बोलून आले खरी. पण छडी नको एवढंच मला माहीत होतं. तिच्या जागी काय, हे ट्रेनिंग कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. मानसशास्त्राच्या तासाला मुलाच्या कोमल मनावर आम्ही पानंच्या पानं लिहून घ्यायचो आणि पुढच्या तासाला सरावाच्या शाळेत जाऊन त्याच कोमल मनांचे कान पिळायचो. तेव्हा मी सरळ मुलांनाच विचारलं. म्हटलं, आजपासून या वर्गात मारणार कुणी नाही. वर्ग नीट चालावा ही जबाबदारी तुमची. कसं करायचं ते तुम्ही ठरवा.

मुलांनी ठरवायला वेळ लावला नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे एकच नमुना होता. गावात काही वाकडं झालं की कर्ते पुरुष देवळात जमत. ती गावकी. ती भांडणं तोडायची, दंड करायची आणि न ऐकणाऱ्याला वाळीत टाकायची. वाळीत टाकलेल्या घराशी कुणी बोलायचं नाही, त्याच्या लग्नाला जायचं नाही, मयताला खांदा द्यायचा नाही. चौथीने आपली गावकी केली. पाटलाचा नातू मुख्य पंच, त्याच्या जोडीला वरच्या आळीतली एक धीट मुलगी. मुलगी पंच झाली याचाच मला इतका आनंद झाला की बाकीचं बघायला मी विसरले.

वर्ग सुतासारखा सरळ आला. गोंगाट नाही, मारामाऱ्या नाहीत, पाणी पिण्यासाठी ढकलाढकली नाही. मी हेडगुरुजींना दारात उभं करून तो शांत वर्ग दाखवला, आणि अगदी नाक वर करून दाखवला. ते "हं" म्हणाले आणि गेले.

त्यानंतर ती उशिरा येणारी मुलगी शाळेत यायची बंद झाली. आधी वाटलं, भातकापणी सुरू आहे, रानात गेली असेल. आठवडा उलटला तशी मी वर्गात विचारलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. शेवटी तिच्या वाडीतली एक मुलगी उठली.

"बाई, ती वाळीत हाय."

"कुणी टाकली?"

"आमीच. गावकीनं."

मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ती रोज उशिरा येते, वर्गाचं नाव खराब करते, म्हणून गावकी शाळेमागच्या आंब्याखाली बसली आणि निकाल लागला. तिच्याशी कुणी बोलायचं नाही. तिच्या शेजारी बसायचं नाही. वर्गाच्या माठातलं पाणी तिने घ्यायचं नाही. माझ्या नाकासमोर ती मुलगी दिवसभर तहानलेली बसत होती आणि मी शांत वर्गाचं कौतुक करत होते. महाडात वाढलेल्या माणसाला पाण्यापासून कुणाला दूर ठेवणं म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही.

हेडगुरुजींच्या कानावर गेलंच. ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. एवढंच म्हणाले, "बाई, माझी छडी बरी होती. वळ दुसऱ्या दिवशी जायचा."

ते खरं होतं आणि म्हणूनच मला त्यांचा भयंकर राग आला.

त्याच संध्याकाळी मी त्या मुलीच्या घरी गेले. बाप मुंबईला गिरणीत, आई दुसऱ्यांच्या शेतावर कापणीला. ओटीवर आजी पडून होती, तिचे पाय गेले होते. मुलगी आत भाकऱ्या थापत होती, ती बाहेर आली नाही. धाकटा भाऊ तिच्या पाठीला चिकटलेला दिसला.

"बाई," आजी म्हणाली, "गुरुजी मारायचं तवा ती हात चोळत यायची, भाकर खायची नि दुसऱ्या दिशी परत जायची. आता कोन बोलतच नाय तिच्याशी. मारल्यालं सोसतं पोर. ह्ये नाय सोसत."

"मी सगळं नीट करते. उद्यापासून पाठवा तिला."

"आता काय पाठवायची? दिवाळीला तिचा बाप येतोय. मुंबयला येका घरी पोर सांभाळाया ठेवायचं बोलनं झालंय. जाईल त्याच्यासंगं."

आतून भाकरी थापल्याचा आवाज थांबला. तेवढ्यावरून मला कळलं की हे तिलाही माहीत आहे. मी उठले ती रागानेच उठले. ही मुलगी मी मुंबईच्या कुणा घरी पोरं खेळवायला जाऊ देणार नव्हते, त्यासाठी काय वाटेल ते करावं लागलं तरी.

गावकी मोडून टाकणं सोपं होतं. मी नुसते डोळे वटारले असते तरी मोडली असती. पण मग हातात छडी न घेताही मी हेडगुरुजीच झाले असते. सकाळी मी दोन्ही पंचांना उभं केलं.

"तिला उशीर का होतो?"

"आळशी हाय ती," पाटलाचा नातू म्हणाला.

"कुणी बघितलंय?"

कुणीच बघितलेलं नव्हतं. सबंध वर्गात एकाला ठाऊक नव्हतं की ती मुलगी सकाळी काय करते. वाडीतल्या मुलीला माहीत होतं, पण गावकीत तिला कुणी विचारलं नव्हतं.

"मग उद्या दोघं जा आणि बघून या," मी म्हणाले. "आल्यावर वर्गाला सांगा."

दुसऱ्या दिवशी घंटा झाली, प्रार्थना झाली, हजेरी झाली, तरी पंचांचा पत्ता नाही. पाढे सुरू झाल्यावर दोघं दारात आली. पाटलाच्या नातवाचा सदरा खांद्यापासून ओला, मुलीच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. आणि दोघांनी सवयीने हात पुढे केले.

"हात खाली," मी म्हणाले. "काय झालं ते सांगा."

"लय पानी लागतं बाई त्यांना," तो म्हणाला. "हीर पार खाली हाय. हंडा वर आनला की परत जायचं. आजी उठत नाय, तिला धुवायचं. धाकटा पाठ सोडत नाय. आमी दोघांनी हंडे उचलले तरी उशीर झाला."

मागच्या रांगेतून एक मुलगी अगदी गंभीरपणे म्हणाली, "मंग यास्नी पन वाळीत टाकायचं काय?"

कुणी हसलं नाही. पाटलाच्या नातवाचं तोंड कसनुसं झालं. पंच मुलगी खाली बसली आणि रडायला लागली. मी तोंड घट्ट मिटून उभी राहिले, कारण त्या घडीला मी एक शब्द जरी उपदेशाचा बोलले असते तरी सगळं नासलं असतं. शेवटी मुलंच बोलायला लागली. कुणी म्हणालं, उशीर होतो तो पाण्यामुळे, तर पाण्याचं बघू. वाडीतली मुलगी म्हणाली, मी माझ्या हंड्याबरोबर तिचाही एक आणते. धाकट्याला शाळेत घेऊन येऊ दे, पहिलीच्या आधीच्या बिगारीत बसेल. चुकलेला धडा तिला शेजारणीने समजवायचा. मग पाटलाचा नातू उठला. "बोलायचं आमी बंद केलं," तो म्हणाला, "तर बोलायला पन आमीच जायला पायजे." त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं.

ती परत आली, धाकट्याला कडेवर घेऊन. तिने दप्तर ठेवलं, सरळ माठाकडे गेली, पेला भरला, उभ्यानेच प्याली, मग दुसरा भरला. सगळ्या वर्गाकडे बघत प्याली. मी फळ्याकडे तोंड करून उगाच तारीख पुसून पुन्हा लिहिली.

दिवाळीला बाप आला. मी त्याला गाठून सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, विडी विझवली. "ठेवतो," म्हणाला. "पन आता परत पोरीला मारलं नायतर वाळीत टाकलं, असं माझ्या कानावर आलं, की दुसऱ्या दिशी नेतोच. मंग मना कोनी सांगाया येऊ नका."

तेव्हापासून ते वाक्य माझ्या उशाशी होतं.

हेडगुरुजींना मात्र हा सगळा पोरखेळ वाटत होता. तीन वर्षांचं पोर बिगारीत लुडबुडतंय, चौथीत मुलं निम्मा तास वाद घालतायत. त्यांनी दिपोटीसाहेबांना सांगितलं. साहेबांचा निरोप आला, पोलादपूरच्या गटसंमेलनात बाईंनी शिस्तीवर आदर्श पाठ द्यावा. गटसंमेलन म्हणजे महिन्याला आसपासच्या शाळांचे सगळे मास्तर एका ठिकाणी जमत, कुणी पाठ देई, बाकीचे चुका काढत. मी आदर्श काही दाखवावं म्हणून नव्हे, तर सगळ्यांसमक्ष पडावं म्हणून ती योजना होती. बाई म्हणून मी तिथे एकटीच.

त्या दिवशी महाडहून येणारी एस.टी. रखडली. मी आदल्या दिवशीच पोलादपुरात आले होते, म्हणून वेळेवर होते. गुरुजी लोक धापा टाकत घोळक्याने आले, त्यात सासुरवाडीहून येणारे आमचे हेडगुरुजीही. मी दारात उभी राहिले.

"उशीर झालाय. रांगेत उभे राहा आणि हात पुढे करा."

आधी हशा पिकला. मग मी हटत नाही म्हटल्यावर आवाज चढले. "अहो बाई, गाडी लेट होती!" "आमचा काय दोष?" "हे काय चाललंय?"

"कारण कुठे विचारलं मी?" मी म्हणाले. "आपल्या शाळांत विचारतात का?"

एवढ्यात दिपोटीसाहेब आले. महाबळेश्वरहून उतरताना आंबेनळी घाटात त्यांची जीप बंद पडली होती, टोपी हातात, चेहरा लाल. सगळ्यांत उशिरा आलेले तेच. आता मागे फिरले असते तर ती मुलगीही माझ्याबरोबर मागे फिरली असती. मी म्हणाले, "साहेब, आपणही. हात."

साहेबांनी हात पुढे केला नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझी नोकरी तिथेच संपली असं मला वाटलं. ते आत जाऊन खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "पाठ द्या."

मी पाठ दिला. पाण्याची, हंड्याची, वाळीची सगळी हकिगत सांगितली, गावकीने घातलेल्या गोंधळासकट. म्हणाले, मुलांच्या हाती छडी देणं म्हणजे जबाबदारी देणं नव्हे, हे मला माझ्या वर्गाने शिकवलं. मूल चुकलं तर काय झालं ते आधी त्यालाच विचारा. त्याचा त्रास कुणाला झाला ते त्याला बघून येऊ द्या. ते कसं भरून काढायचं तेही त्याच्याच तोंडून येऊ द्या, आणि मग ते पुरं होईपर्यंत त्याला सोडू नका. हे छडीपेक्षा अवघड आहे, वेळ खातं, आणि ज्याला झेपत नसेल त्याने खुशाल निगडीची झाडं लावावीत. शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, असं नंतर वडील म्हणाले. मला अजूनही तसं वाटत नाही.

चहाच्या वेळी बहुतेक जण माझ्यापासून चार हात लांबच उभे होते. दोघातिघांनी मात्र हळूच येऊन विचारलं, गावकी पुन्हा भरवलीत का, आणि पोरं खोटं बोलली तर काय करता. मी जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं.

महिन्याच्या आत बदलीचा हुकूम आला. कुडपण. वडिलांनी कपाळाला हात लावला, आई बोचकं बांधून माझ्या सोबतीला निघाली. मला बदलीचं दुःख नव्हतं. वाईट वाटलं ते एवढ्याचंच, की चौथी आता हेडगुरुजींकडे जाणार होती. दारावर ते उभे राहणार होते, आणि त्या मुलीला अधूनमधून उशीर होणारच होता. निघताना मी तिला काही सांगितलं नाही. शूर हो, असं मुलांना सांगणाऱ्या मोठ्यांची मला चीड येते.

कुडपण डोंगराच्या माथ्यावर. वाट नावालाच, सकाळी निघालेला माणूस उन्हं डोक्यावर आली की पोचायचा. तिथे आम्ही देवळाच्या पडवीत शाळा भरवत होतो. एका दुपारी पायवाटेवर पांढरी टोपी दिसली. जवळ आल्यावर बघते तर हेडगुरुजी. घामाने निथळत होते, वहाणा हातात. या वयाला हा माणूस इतकी चढण का चढून आला असेल? मला एकच सुचलं, की बाप पोरीला घेऊन गेला.

"ती आहे ना शाळेत?" मी त्यांना बसूही दिलं नाही.

"आहे," ते म्हणाले. "जाईल कुठे?"

आईने पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी वहाणा पडवीच्या कडेला ठेवल्या. मग म्हणाले, "उशिरा आली परवा. मी छडी उचलली. तर मला म्हणते, आधी इचारा ना, गुरुजी. माझ्या तोंडावर. आणि मागे बघतो तर सबंध वर्ग उभा राहिलेला. पाटलाचा नातूसुद्धा."

"मग? मारलंत?"

"विचारलं."

मी त्यांच्यासमोर बसले.

"धाकट्याला ताप होता, आजीला एकटं सोडवत नव्हतं, असं काय काय सांगत होती. तिचं संपलं तर दुसरा उठला, त्याचं वेगळंच. मग तिसरी. अहो, थांबेचनात. इतकी वर्षं शाळेत काढली, पण एवढं कधी ऐकलं नव्हतं." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आवाजात अजून जुना गुर्मीचा सूर होता, पण डोळे वर होत नव्हते. "तुम्ही त्या दिवशी पोलादपुरात सांगत होतात तेव्हा मी लक्ष दिलं नाही. विचारून झालं, ऐकूनही झालं. आता पुढे काय करायचं असतं, बाई?"